गोबर गॅस बांधताय? आधी स्लरी कुठे जाणार ते ठरवा

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात फिरा. गोठ्यामागे गोबर गॅसची जुनी टाकी दिसतेच. काही चालू, बऱ्याच बंद. बंद टाकीच्या मालकाला कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: घरात सिलिंडर आला, मग रोज शेण कोण कालवत बसणार? त्याचं चूक नाही. नुसत्या गॅससाठी बारा महिने शेणात हात घालायचा उत्साह कुणालाच टिकत नाही. ज्यांच्या टाक्या वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यांच्या शेताकडे बघितलं की उलगडा होतो. त्यांची स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणारा शेणकाला, उसाला जाते. टाकी बंद ठेवली तर गॅसच्या आधी त्यांना स्लरीची चणचण भासते.

म्हणून या लेखाचं म्हणणं एकच आहे. गोबर गॅसचा खरा माल स्लरी, आणि गॅस हा वरचा नफा. टाकी केवढी, कुठे आणि कशी बांधायची, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवा.

शेण मोजा, जनावरं नव्हे

टाकीचं माप दावणीला किती जनावरं आहेत यावरून ठरवतात आणि इथेच फसतात. माप ठरतं ते रोज हाताशी येणाऱ्या ताज्या शेणावर. मोठी म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते, देशी गाय १० किलो, वासरू किंवा रेडकू ५ किलो. जनावर दिवसभर चरायला जात असेल तर निम्मं शेण रानातच राहतं, ते हिशेबात धरू नका. आपल्याकडे वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आणि गवत गोठ्यातच टाकायची पद्धत असल्यामुळे बहुतेकांना ही अडचण येत नाही. तरीही आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ शेणाची पाटी वजनकाट्यावर ठेवा. अंदाज आणि काटा यांत बराच फरक निघतो.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. तीन म्हशी आणि एक रेडकू म्हणजे ५० किलो शेण, म्हणजे दिवसाला दोन घनमीटर गॅस. गोबर गॅसची एक शेगडी तासाला साधारण ४५० लिटर गॅस खाते, तेव्हा दोन घनमीटरवर एक शेगडी चार-साडेचार तास चालते. पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहापाणी त्यात निघतं. एक घनमीटर गॅस म्हणजे अंदाजे ४३० ग्रॅम एलपीजी. या हिशेबाने महिन्याला २६ किलोच्या आसपास, म्हणजे १४.२ किलोचे पावणेदोन सिलिंडर. थंडीत उत्पादन घटतं, त्यामुळे प्रत्यक्षात महिन्याला एक सिलिंडर वाचेल असंच धरून चाला.

शेण दोन घनमीटरचं आणि टाकी चार घनमीटरची, असं कधी करू नका. "पुढे म्हशी वाढवणार आहे" म्हणून मोठी बांधलेली टाकी अर्धपोटी राहते, गॅस कमी देते आणि शेवटी बंद पडते. म्हशी वाढल्या तर शेजारी दुसरी बांधता येते.

कुठला प्रकार घ्यायचा

तीन प्रकार आपल्याकडे चालतात. लोखंडी तरंगती टोपी असलेली खादी आयोगाची टाकी सगळ्यांत जुनी. टोपी वर आली की गॅस आहे, खाली गेली की संपला, हे लांबूनच कळतं. पण टोपीला गंज चढतो, दरवर्षी रंग द्यावा लागतो. दुसरा प्रकार जमिनीखालच्या घुमटाचा, म्हणजे दीनबंधू. अफप्रो (AFPRO) या संस्थेने १९८४ मध्ये तो विकसित केला. विटा-सिमेंटचं काम, हलणारा भाग एकही नाही, जागा वाया जात नाही. नीट बांधला तर पंचवीस वर्षं बघायला नको. सगळा भार मात्र गवंड्याच्या हातावर: घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो. तिसरा प्रकार तयार पिशवीचा. एका दिवसात बसते, गवंडी लागत नाही. मात्र ऊन, उंदीर आणि जनावराची शिंगं यांपासून ती सांभाळावी लागते, भोवती कुंपण लागतंच.

माझं मत विचाराल तर जांभ्या किंवा मुरमाड जमिनीत, म्हणजे पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा या बाजूला दीनबंधू घ्या. शिरोळ-हातकणंगलेच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत जरा विचार करा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ओढाताणीत घुमट तडकतो. तिथे खड्डा मोठा घेऊन बाजूने मुरूम भरायची तयारी हवी, नाहीतर पिशवी बरी.

जागा: आधी पुराची खूण बघा

कोल्हापुरात जागा निवडताना पहिला प्रश्न पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा, कृष्णा, वारणा कुठवर आल्या होत्या ते गावातल्या भिंतींवर अजून दिसतं. टाकीचा इनलेट (शेणकाला आत जायचं तोंड) आणि आउटलेट (स्लरी बाहेर पडायचं तोंड) दोन्ही २०१९ च्या खुणेच्या वर हवेत. पुराचं पाणी आत शिरलं तर महिनोन्‌महिने तयार झालेले जिवाणू धुऊन जातात, शिवाय अर्धवट कुजलेलं शेण गावभर पसरतं. अशी उंच जागा गोठ्याजवळ नसेल तर टाकीच बांधू नका, असं मी स्पष्ट सांगेन. पुराच्या पट्ट्यात नसलेल्या जमिनीतही पावसाळ्यात भूजल वर येतं. त्यामुळे बांधकाम झाल्यावर घुमट रिकामा ठेवायचा नाही, रिकामा घुमट खालच्या पाण्याने उचलला जातो.

बाकीच्या गोष्टी सरळ आहेत. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १५ मीटर लांब. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा, मोठ्या झाडाच्या मुळांपासून दूर. गोठ्याला शक्य तेवढी चिकटून, कारण शेण रोज उचलायचंय. स्वयंपाकघर २० मीटरच्या आत असेल तर पाऊण इंची पाइप पुरतो, लांब असेल तर एक इंची घ्या. आणि आउटलेटचं तोंड शेताच्या पाटाकडे ठेवा. हे शेवटचं लोक विसरतात. आउटलेट गटाराकडे गेला तर स्लरी ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. उन्हाळ्यात पंचगंगेत केंदाळ (जलपर्णी) माजतं, त्याला खाद्य असल्याच पाण्यातून मिळतं.

अनुदान आणि बांधकाम

घरगुती गोबर गॅसचं अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागातून येतं, तुमचा संबंध पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांशी. केंद्राच्या २०२१-२२ ते २०२५-२६ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या टाकीला सर्वसाधारण गटाला १४,३५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना २२,००० रुपये धरले होते. शौचालय जोडलं तर वर १,६०० रुपये. योजनेची मुदत बदलली की आकडेही बदलतात, तेव्हा चालू वर्षाचा दर आणि शिल्लक उद्दिष्ट आधी विचारून घ्या. मंजुरी हातात येण्याआधी खड्डा खणू नका.

बांधकाम दिवाळीनंतर काढा. जमीन वाळलेली असते, गवंडी मिळतो आणि पावसाळ्याच्या आत टाकी भरून चालू होते. गवंडी साधा घर बांधणारा नको, घुमट वळवलेला हवा. त्याने आधी बांधलेली आणि आज चालू असलेली एक तरी टाकी जाऊन बघा. आतून प्लास्टर झाल्यावर घुमटाला रंगाचा थर देऊन घ्या आणि आठ-दहा दिवस पाणी मारा. मग पाण्याने भरून, कॉक बंद करून, पारदर्शक नळीच्या यू आकाराच्या मापकावर दाब धरतो का ते एक अख्खा दिवस बघा. गवंड्याचा शेवटचा हप्ता ही चाचणी झाल्यावरच द्यायचा.

पहिली भरणी

दोन घनमीटरच्या टाकीत साधारण चार हजार लिटर शेणकाला मावतो. आपल्या हवामानात शेण टाकीत ४० दिवस मुरावं लागतं: रोज ५० किलो शेण, ५० लिटर पाणी, गुणिले ४०. म्हणजे पहिल्या भरणीला दोन टन शेण. घरचं साठवून ४० दिवस वाट बघण्यापेक्षा शेजारपाजारच्या गोठ्यांतून चार-पाच दिवसांत गोळा करा. उकिरड्यातलं वाळलेलं शेण चालत नाही. आणि गावातल्या चालू टाकीची चार-पाच घागरी स्लरी आणून विरजण लावा, गॅस लवकर धरतो.

दहा ते वीस दिवसांत गॅस येतो, पण पहिला गॅस पेटत नाही. त्यात कर्बवायूच जास्त असतो. तो दोन-तीन वेळा मोकळ्या हवेत सोडून द्या. पेटतो का हे टाकीच्या तोंडाशी काडी लावून कधीही बघायचं नाही, आत हवा मिसळलेली असेल तर भडका आत शिरतो. तपासायचं ते शेगडीवरच. निळी, स्थिर ज्योत आली की मिथेन, म्हणजे जळणारा वायू, पुरेसा झाला असं समजा.

रोजचं काम

धारा काढून झाल्या की शेण गोळा करायचं आणि इनलेटजवळच्या कालवायच्या छोट्या हौदात टाकायचं. हौदातून टाकीत जाणाऱ्या भोकाला बूच बसवलेलं हवं. शेणाएवढंच पाणी घालून हाताने कालवा. काठीने कालवलेलं वरून एकजीव दिसतं, तळाला गोळे राहतात. हात घातला की वाड्याचे तुकडे, गवताच्या काड्या, खडे बोटांना लागतात, ते तिथेच काढून टाका. वाड्याचा तुकडा कुजायला वेळ घेतो आणि वर तरंगतो. असे तुकडे महिनोन्‌महिने साठले की टाकीत जाड साय धरते आणि गॅस खालीच अडतो. "टाकी खराब झाली" म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच या सायीच्या असतात. काला आमटीसारखा पातळ नको, पिठल्यासारखा घट्टही नको. पाच मिनिटं थांबा, वाळू-खडे तळाला बसू द्या, मग बूच काढा आणि शेवटचा गाळ बाहेरच राहू द्या.

निम्म्या पाण्याऐवजी जनावरांचं मूत घातलं तर चालतं, उलट स्लरीत नत्र वाढतं. सगळं मूतच घालू नका, अमोनिया वाढून जिवाणू दबतात. गोठा फिनेलने धुतला असेल तर ते पाणी टाकीत जाता कामा नये. जनावराला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं शेण काही दिवस बाजूला ठेवा. शिळं अन्न, भाजीचे देठ थोडे चालतात. एकदम बादलीभर टाकलं तर टाकी आंबते, ज्योत पिवळी पडते. तसं झालं तर तीन-चार दिवस काहीही टाकू नका, मग शेण निम्म्याने सुरू करा.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होतो कारण हे जिवाणू ३० ते ३५ अंशांना खूश असतात आणि २० च्या खाली सुस्तावतात. सकाळच्या गार पाण्याऐवजी दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवा. घुमटावर पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पानांचा) जाड थर घाला.

स्वयंपाकघरात

एलपीजीची शेगडी तशीच जोडून चालत नाही. या गॅसची उष्णता कमी, म्हणून जेट (शेगडीत गॅस यायचं छिद्र) मोठा लागतो. खास गोबर गॅसचीच शेगडी घ्या. पाइपला टाकीकडे उतार ठेवा आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा. गॅसबरोबर वाफ येते, ती पाइपात थिजते. पावसाळ्यात ज्योत फडफडायला लागली की आधी हा कॉक उघडा. दर महिन्याला प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघा.

घुमटाच्या टाकीत दिवसाच्या गॅसपैकी साधारण एक तृतीयांशच साठतो. तो दोन्ही वेळा वापरला नाही तर आउटलेटमधून निघून जातो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २८ पट हवा तापवतो, तेव्हा उरलेला गॅस नुसता सोडू नका. अंघोळीचं पाणी, दुधाच्या किटल्या धुवायचं गरम पाणी, आंबोण शिजवणं यात तो जाळून टाका. असं केलं की बंबाखालच्या शेणी वाचतात. शेणी जाळल्या की शेणातलं नत्र आणि सेंद्रिय भाग दोन्ही धुरात जातात. थोड्या शेणी जरूर थापा, होळी लहान करून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी द्यायची कोल्हापूरची रीत फार चांगली आहे. रोजच्या पाणी तापवण्यासाठी मात्र शेण जाळू नये.

स्लरी: इथे खरा हिशेब

रोज शंभर लिटर आत गेलं की जवळपास तेवढंच बाहेर येतं. चांगली मुरलेली स्लरी ओळखायला सोपी आहे. शेणाचा वास येत नाही, माशा बसत नाहीत, रंग काळपट, हातावर घेतली तर चिकटत नाही. वास येत असेल तर शेण टाकीत पुरेसे दिवस राहत नाही, म्हणजे तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त भरताय.

आता पैशाचा हिशेब. वर्षाला १८ टन ताजं शेण, त्यातून टाकीबाहेर येणारा सुका भाग सव्वादोन टनांच्या घरात. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर साधारण ३५ किलो. युरियाच्या भाषेत पावणेदोन पोती. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे वर्षभराच्या कष्टाचं नत्र साडेचारशे रुपयांचं! हा आकडा बघून कुणीही म्हणेल, कशाला हा व्याप. पण युरियाचं पोतं एवढं स्वस्त आहे ते सरकार त्याच्या किमतीचा मोठा भाग स्वतः भरतं म्हणून. स्लरीच्या बाजूने असा कुणी पैसा भरत नाही. धोरणातली ही उणीव आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. तोवर आपण निदान आपल्या वहीत तरी चुकीचं माप लावू नये. सव्वादोन टन सेंद्रिय माल दरवर्षी जमिनीत जातो, हे स्लरीचं मोल आहे. उसावर ऊस घेऊन, भरमसाट पाणी आणि खत देऊन आपल्या कितीतरी रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आलाय. शिरोळमध्ये क्षारपड वाढलं. युरियाचं पोतं ही भर घालू शकत नाही. क्षारपडीला निचराच लागतो, स्लरी एकटी ती सुधारणार नाही, हेही लक्षात ठेवा.

द्यायची कशी? ओलीच द्या. उन्हात वाळवली की त्यातलं अमोनियाच्या रूपातलं नत्र उडून जातं. आउटलेटशेजारी दोन खड्डे ठेवा, प्रत्येकात पाण्याच्या एका पाळीपुरती स्लरी मावेल एवढे: पाणी दहा-बारा दिवसांनी येत असेल तर हजार-बाराशे लिटर. एक भरतो तेव्हा दुसरा वापरायचा. पाळीच्या दिवशी खड्ड्यातली स्लरी पाटाच्या तोंडाशी बारीक धारेने सोडा, पाण्याबरोबर सरीत पसरते. एकाच सरीत ओतू नका. ठिबकला द्यायची असेल तर कापडातून गाळून, निवळून आणि सँड फिल्टर असेल तरच. नाहीतर ड्रिपर बुजतात.

सगळ्यांत चांगला उपयोग खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकात होतो. ऊस तुटून गेला की पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, पेटवलं की त्यातला कर्ब आणि नत्र गेलंच. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या आणि पाचट सरीत दाबून बसवा. एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू ही शिफारस जुनी आणि खात्रीची आहे. त्यावर पाळीला स्लरी सोडली की पाचट ओलं राहतं आणि कुजायला लागणारं नत्रही मिळतं. पहिल्या वर्षी खताची मात्रा कमी करू नका. माती परीक्षण करा, दोन हंगाम बघा आणि मगच युरिया कमी करत चला.

पावसाळ्यात पाळी नसते तेव्हा दोन्ही खड्डे भरून वाहतात. त्या दिवसांसाठी तिसरा खड्डा पाचटाने भरून ठेवा आणि स्लरी त्यात सोडा, वर पत्रा टाका. दसऱ्यापर्यंत उत्तम खत होतं.

जीव सांभाळा

एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात वाकडी गावी शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकामागून एक माणसं उतरली आणि पाच जणांचा जीव गेला. टाकीत, आउटलेटच्या खड्ड्यात किंवा स्लरीच्या विहिरीत उतरायचं नाही. रिकामी करून आठवडा झाला असला तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, प्राणवायू नसतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. कुणी पडलंच तर मागोमाग उडी टाकू नका, दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा. टाकी साफ करायचं काम पंपाने, बाहेर उभं राहून आणि माहितगाराकडूनच. सगळ्या खड्ड्यांना जाळी किंवा फरशी पाहिजे, लहान मुलं गोठ्याभोवतीच खेळतात.

चार घरं एकत्र आली तर

दोन म्हशींच्या गोठ्यालाही एक घनमीटरची टाकी चालते, पण शेत नसलेल्या घराला स्लरीचं काय करायचं हा प्रश्न पडतो. अशा घराने शेजारच्या ऊस उत्पादकाशी सरळ बोलून घ्यावं: वर्षभराची स्लरी तुझी, वाडं माझ्या म्हशींना. पैशाचा व्यवहार न होताही हे नीट चालतं. टाकीसाठी कर्ज काढलं असेल तर दहा दिवसांच्या दूध बिलातून हप्ता कापून घ्यायची सोय गावच्या दूध संस्थेकडे विचारा, घरखर्चावर ओझं येत नाही.

हल्ली कार्बन क्रेडिटच्या नावाने स्वस्तात टाकी बसवून देणारेही गावात येतात. पद्धत खोटी नाही. लाकूडफाटा वाचला, मिथेन हवेत गेला नाही, त्याचे क्रेडिट, म्हणजे तेवढं प्रदूषण वाचवल्याची प्रमाणपत्रं, विकता येतात. पण करारात तीन गोष्टी शोधा: क्रेडिटची मालकी किती वर्षांसाठी त्यांच्याकडे जाते, टाकी बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, आणि मध्ये म्हशी विकल्या तर तुमच्याकडून वसुली होणार का. करार मराठीत मागा. देत नसतील तर सही करू नका.